भिंतींना पाठ झालेली मुलगी

डाव्या हाताची करंगळी पट्टीवर पडली, पट्टी तळापर्यंत खाली गेली आणि काहीच वाजलं नाही.

शेरल डाबरे थांबली नाही. पियानोच्या ग्रेड आठची मुलं मध्येच थांबत नाहीत. निसटलेल्या सुराकडे वळून बघायचं नसतं, हे पियानो शिकवणाऱ्या ओडेट मिसनी तिच्या हाडांत मुरवलं होतं. ती पुढच्या ओळीवर गेली, तर तिथेही डाव्या हाताचे दोन जाड सूर गायब. उजवा हात मात्र वर झुळझुळ वाजत होता. एखाद्या इमारतीचा तळमजला काढून घ्यावा आणि वरचा मजला तसाच हवेत राहावा, तसं ते ऐकू येत होतं.

पानं उलटायला शेजारी उभी असलेली क्रिसेल जांभई देत होती. तिच्या चेहऱ्यावरून काही कळणं अशक्य. क्रिसेल भूकंपातही जांभई देईल.

संध्याकाळी सागरवाडी संगीतशाळेचं वार्षिक पियानोवादन होतं आणि ही दुपारची शेवटची तालीम. सभागृह नवंकोरं होतं. भिंती पातळ, छत हलकं आणि त्यावर आकाशात ड्रोनवाट. मुंबईला माल नेणारे ड्रोन वसईच्या केळीच्या बागांवरून दिवसभर घोंघावत जायचे. अशा वाटेखाली पियानोचं सभागृह बांधायचं म्हणजे रेल्वे फलाटावर झोपायला गादी घालण्यासारखं. पण या भिंतींमध्ये नीरवजाल होतं. मधमाश्यांच्या पोळ्यासारखे हजारो बारीक ध्वनिमुख भिंतीत बसवलेले, आणि ते बाहेरचा आवाज आतल्या आत पुसून टाकायचे. दार लावलं की ड्रोन जणू जगात नव्हतेच.

शेरलला मात्र आत्ता ड्रोनचं काही पडलं नव्हतं. ती आपल्या कानांचा विचार करत होती.

तिच्या मम्मीचे कान असेच गेले होते. कानातलं सगळ्यात लहान हाड हळूहळू घट्ट होत जातं आणि आवाज खालच्या बाजूने जायला लागतात. आधी जाड सूर, मग बोलणं, मग सगळंच. शेरलच्या जन्मानंतर मम्मीचं ते फार भराभर वाढलं. आता तिच्या डोक्यात कर्णरोप बसवलेलं होतं. कानामागच्या चकतीने आवाज पकडायचा आणि विजेच्या ठिणग्या करून थेट नसेला द्यायच्या. बोलणं त्यातून बरं कळायचं, पण पियानो म्हणजे पत्र्यावर खडे ओतल्यासारखा. हे दुखणं आईकडून मुलीकडे येऊ शकतं, असं डॉक्टर म्हणाले होते. येईलच असं नाही, असंही म्हणाले होते. मम्मी शेरलच्या प्रत्येक वाढदिवसाला केक भरवताना म्हणायची, "माझं गणित घे, माझे केस घे. हे कान तेवढे घेऊ नकोस, बाय."

आणि गेल्या पावसाळ्यापासून शेरलला घरच्या विहिरीवरचा पंप चालू आहे की बंद, हे हात लावून बघावं लागत होतं. हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं.

"थांब," ओडेट मिस म्हणाल्या. त्या सभागृहाच्या मागच्या रांगेत पेन्सिल घेऊन बसल्या होत्या, त्या ताडताड पुढे आल्या. "डावा हात कुठे गेला तुझा? जेवायला?"

"वाजवतेय मी, मिस."

"मला शिकवू नकोस. पट्टीवर नुसतं बोट ठेवतेयस तू. सरक."

शेरल सरकली. मिसनी उभ्याउभ्याच डाव्या हाताने तीच ओळ वाजवली. सगळे सूर आले, भरघोस, घंटेसारखे. मिसनी भुवया उंचावल्या. शेरलने पुन्हा बसून तीच ओळ वाजवली. पट्ट्या खाली गेल्या, वर आल्या. आवाज नाही.

क्रिसेलची जांभई अर्ध्यात मिटली.

"अगं," ती हळूच म्हणाली, "हे भुताचं आहे का काही?"

शेरलच्या मनात आधी आनंद उसळला. मिसनाही ऐकू आलं नव्हतं. क्रिसेललाही नाही. म्हणजे कान नव्हते. मग लगेच तिच्या मानेवर काटा आला, कारण कान नसतील तर हे काय होतं? पियानो सगळ्यांसाठी वाजत होता आणि फक्त तिच्या बोटांखाली मुका होत होता.

तेवढ्यात मम्मी आली. लिडिया डाबरे कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायची. तास संपवून ती थेट तालमीला आली होती, खांद्यावर पर्स, हातात मध्यंतरासाठी तळून आणलेल्या मैद्याच्या फुग्यांचा डबा. पियानो सुरू होणार दिसला की ती कानामागची चकती बंद करायची आणि तळहात पियानोच्या लाकडावर ठेवायची. तिचं ऐकणं ते असं. आताही तिने तेच केलं. शेरलने ती ओळ पुन्हा वाजवली. सभागृहात चिडीचूप.

"छान," मम्मी म्हणाली. मग तिने मिसचा चेहरा पाहिला, क्रिसेलचा पाहिला. "काय झालं? वाजतंय की. हातात येतंय माझ्या."

मिसनी मम्मीकडे नीट तोंड करून सावकाश म्हटलं, "लिडिया, आम्हाला काहीही ऐकू येत नाहीये."

मम्मीचा हात लाकडावरच राहिला. ती एकदा भिंतीकडे बघून घेत म्हणाली, "मग पियानो बिघडलेला नाही आणि मुलगीही. हवा बिघडलीय. नीरवजालवाल्या डॉक्टरांना बोलवा."

डॉ. हेरंब केळसकर वरच्या मजल्यावरच्या नियंत्रणखोलीत संध्याकाळची तपासणी करत होते. नीरवजाल त्यांच्या प्रयोगशाळेत जन्मलं होतं आणि ते त्याच्याविषयी वर्गात पहिल्या आलेल्या पुतण्यासारखे बोलायचे. त्यांनी शेरलला ती ओळ वाजवायला लावली, हातातल्या पडद्यावरचे आकडे पाहिले आणि त्यांना चक्क हसू फुटलं.

"वा," ते म्हणाले. "ही तुम्हाला शिकलीय."

"कोण?" मिसनी विचारलं.

"पूर्वश्रुती. नीरवजालाचा मेंदू म्हणा." त्यांनी मम्मीकडे बघितलं. "मॅडम, तुम्हाला लाटांचं सांगायला नको."

"मला नको, मुलींना सांगा," मम्मी म्हणाली. तिने चकती पुन्हा चालू केली होती, तरी डोळे सवयीने डॉक्टरांच्या ओठांवर होते.

"आवाज म्हणजे हवेतली लाट. कुठे चढ, कुठे उतार. त्याच क्षणी तितकीच उलटी लाट सोडली, म्हणजे चढावर उतार आणि उतारावर चढ, की दोन्ही मिळून हवा सपाट. तिला आम्ही प्रतिलहर म्हणतो. अडचण एवढीच, की त्याच क्षणी सोडावी लागते. आवाज ऐकून मग विचार करत बसलं तर उशीर होतो. म्हणून येणारा आवाज आधीच ओळखावा लागतो. ते काम पूर्वश्रुतीचं. वारंवार ऐकू येतं ते ती पाठ करते."

"माणसांचं बोलणंही पुसेल की मग," मिस म्हणाल्या.

"नाही. आमचा नियम आहे. शंका असेल तर आवाज सोडून द्यायचा. माणूस पुढे काय बोलणार, याची खात्री कधीच नसते."

क्रिसेलला हे ऐकून काहीतरी उमगलं. "मिस," ती म्हणाली, "तुमचं ते 'मनगट सैल, मनगट सैल' हल्ली ऐकूच येत नाही. मला वाटलं तुम्ही सुधारलात."

मिसनी तिच्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती नजर पुसणारं यंत्र अजून निघायचं होतं. डॉक्टर मात्र गंभीर झाले. त्यांनी आकडे पुन्हा पाहिले.

"इथे मुली रोज तेच वाजवतात का?"

शेरल आणि क्रिसेलने एकमेकींकडे पाहिलं. आता हे काय विचारणं झालं? परीक्षा मंडळ दरवर्षी ग्रेडला तीन पीस ठरवून देतं. जूनपासून परीक्षेपर्यंत तेच तीन. सकाळी तेच, संध्याकाळी तेच, रिसायटललाही तेच. चौथा पीस कुणी शिकवत नाही, कुणी शिकत नाही, आणि आईबाप विचारतात तेही एवढंच, की तिन्ही बसले का?

"तालयंत्र लावून," मिस अभिमानाने म्हणाल्या. "एक केस इकडे तिकडे नाही. शेरल तर अशी वाजवते, की तिच्यावर घड्याळ लावावं."

"तेच झालंय," डॉक्टर म्हणाले. "जाड सुरांच्या लाटा लांब असतात, त्या पुसायला सोप्या. म्हणून आधी ते गेले. बारीक सूरही जातील. ही जितकं अचूक वाजवेल, तितकं कमी ऐकू येईल."

"मग मी काय शिकवू, डॉक्टर? चुका?"

मम्मीने विचारलं, "हिचं बोट खाली निघालं की पूर्वश्रुतीला कळतं, असंच ना?"

"सुरुवातीला तसंच होतं. बोटांकडे बघून अंदाज करायची. आता बघत नाही."

"का?"

"गरज उरली नाही. एकदा खात्री पटली की ती पुढचं सगळं सलग सोडत जाते. बोटांची वाट बघण्यात वेळ जातो ना."

मम्मीच्या कपाळावर आठी पडली. शेरलला मम्मीची ती मुद्रा माहीत होती. उत्तर बरोबर असलेल्या पण कुठेतरी भयंकर चुकलेल्या गणिताकडे ती अशी बघायची.

"म्हणजे पीस आधी भिंतीतून निघतो," मम्मी म्हणाली. "आणि माझी मुलगी येऊन तो खोडते."

"असं उलटं कशाला बघायचं?"

"लाट उलटी असली तर कानाला कळतं का, डॉक्टर?"

"नाही. कान सुलट-उलट ओळखत नाही. एकटी प्रतिलहर ऐकली तर ती पियानोसारखीच वाजेल. पण ती एकटी ऐकू येणार कधी? ही वाजवतेच की."

बंद करा ते, असं मिस म्हणाल्या. बंद केलं तर ड्रोन, असं डॉक्टर म्हणाले, आणि दाखवायला म्हणून त्यांनी क्षणभर बंद केलंही. छतावरून जणू कुणी लोखंडी पिंपं गडगडत नेली. क्रिसेलने कानांवर हात ठेवले. ड्रोनचा तो आवाज शेरलला कमी वाटला, इतरांच्या चेहऱ्यांवर दिसत होता त्यापेक्षा पुष्कळ कमी. तिने घाईघाईने कानांवर हात ठेवले, क्रिसेलसारखेच.

पाठ झालेलं पुसून टाका, मिस म्हणाल्या. पुसलं तर ड्रोनही विसरेल, नव्याने शिकायला महिने लागतील, डॉक्टर म्हणाले. शेवटी डॉक्टरांनी खात्रीची पातळी वर नेऊन ठेवली. आता पूर्वश्रुती फक्त तेच पुसणार होती, ज्याविषयी तिला तिळमात्र शंका नाही. ड्रोनची यंत्रं ठरलेल्या गतीने फिरतात, त्यांची खात्री पक्की. माणसाची बोटं तेवढी पक्की कशी असतील?

"वाजव आता," ते म्हणाले.

शेरलने वाजवलं. हात दोनदा घसरले, आणि एकेक सूर लख्ख ऐकू आला. मिसनी उसासा सोडला. मम्मीने शेरलच्या डोक्यावरून हात फिरवला आणि इतकी मोकळी हसली, की शेरलने नजर पट्ट्यांकडे वळवली.

"मघाशी मला काय वाटलं, ठाऊक आहे?" मम्मी म्हणाली. "तुझा चेहरा पाहिला आणि वाटलं, झालं. आलं हिच्याकडे." तिने स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "भिंतच होती मेली."

विहिरीला कुठे आहे नीरवजाल? शेरलला विचारायचं होतं. विचारलं नाही. मम्मी तिच्या ओठांकडे बघत होती, म्हणून तिने ओठ घट्ट मिटून घेतले आणि हसली.

संध्याकाळी सभागृह भरलं. पहिल्या रांगेत मम्मी, डॉक्टर मधल्या रांगेत, पावडर लावलेली छोटी मुलं बाजूच्या बाकावर. छोट्यांनी नेहमीप्रमाणे अडखळत, मध्येच थांबून आईकडे बघत, परत सुरुवात करत वाजवलं आणि त्यांचा सूरन् सूर ऐकू आला. क्रिसेलने तिच्या दुसऱ्या पीसमध्ये एक अख्खी ओळ गिळली, पुढे निघून गेली आणि वाकून अभिवादन अशा थाटात केलं, की ती ओळ छापणाऱ्याचीच चूक असावी. तेही स्वच्छ ऐकू आलं. बाहेर वारा सुटला होता. छतावरून अधूनमधून ड्रोनची पुसटशी घरघर येत होती, पण कुणाचं लक्ष नव्हतं.

मग शेरलचं नाव पुकारलं.

ती बसली. मम्मीने कानामागची चकती बंद केलेली तिला दिसली. मंचावर येऊन लाकडाला हात लावणं आज शक्य नव्हतं, म्हणून मम्मीने हात मांडीवर ठेवले आणि डोळे शेरलवर.

पहिल्या पीसला शेरल घाबरलेली होती आणि पियानो छान वाजला. टाळ्या पडल्या. दुसऱ्याला ती थोडी सैलावली. टाळ्या पडल्या. तिसऱ्या पीसपर्यंत तिच्या अंगात काहीतरी शिरलं. खांदे खाली आले. बोटांना वाट सापडली. वर्षभर घोटलेलं सगळं आपोआप, अलगद, लोण्यासारखं यायला लागलं. आजवर तिने इतकं सुंदर कधीच वाजवलं नव्हतं. तिला हसू यायला लागलं.

आणि सूर जायला लागले.

आधी तळचे. मग मधले. पान उलटताना क्रिसेलचा हात थबकला. बारीक सूर काही काळ चमकत राहिले, अंधारात दूरवर जाणाऱ्या कुणाच्या तरी बांगड्या चमकाव्यात तसे, आणि मग तेही गेले. पट्ट्या खालीवर होत होत्या. नखांचा सूक्ष्म टकटकाटसुद्धा नव्हता. दोनशे माणसं एका मुलीकडे बघत होती आणि ती मुलगी शांतता वाजवत होती.

आणि वर ड्रोन ऐकू येत होते.

तेव्हा शेरलला कळलं. ड्रोनला वारा लागतो. वाऱ्याने तो हलतो, डगमगतो, त्याची शंभर टक्के खात्री देता येत नाही. शेरलला काहीच लागत नव्हतं. या छताखाली सगळ्यात खात्रीची गोष्ट ती होती.

तिने मुद्दाम एक चुकीची पट्टी दाबली. तो सूर थोबाडीत मारल्यासारखा वाजला आणि पहिल्या रांगेतला एक म्हातारा दचकून मागे सरला. पण पुढच्याच क्षणी बोटं आपसूक बरोबर जागी परत गेली. त्यांना दुसरी जागा शिकवलीच नव्हती कुणी. शांतता पुन्हा मिटली, पाण्यात दगड पडून पाणी मिटतं तशी.

शेवटचं पान. शेरलने दोन्ही हात उचलले.

पियानो वाजायला लागला.

तिचे हात हवेत होते आणि चारही भिंतींमधून तिचा पीस येत होता. तिचा स्पर्श, तिचं ते तिसऱ्या ओळीतलं किंचित दम घेणं, शेवटाकडे जाताना डावा हात जड करायची तिची खोड. दुपारी डॉक्टर म्हणाले होते, प्रतिलहर एकटी कधी ऐकू येणार? ही आली. लोक पुढे सरसावून बसले. कुणीतरी "वा" म्हणालं. त्यांना हा आजचा खास प्रयोग वाटला असावा. क्रिसेल मात्र पियानोपासून दोन पावलं मागे सरकली होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जांभईचा मागमूस नव्हता. मधल्या रांगेत डॉक्टर उठले, माणसांच्या गुडघ्यांवरून धडपडत जिन्याकडे निघाले. शेरलला माहीत होतं, ते वेळेवर पोहोचणार नाहीत. तिला पुढचं सगळं माहीत होतं. सहा मात्रा, मग चढती ओळ, मग शेवटचा संथ झंकार. तो विरेपर्यंत ती थांबते. आणि मग.



मग ती काय करते?

पावसाळ्यापासून रोज, क्लास संपून क्रिसेल निघून गेली की ती याच सभागृहात हा पीस एकदा एकटी वाजवायची. शेवटचा झंकार विरला की ती समोरच्या रिकाम्या पहिल्या रांगेकडे बघायची, श्वास घ्यायची आणि एक वाक्य म्हणायची. घरी जाऊन सांगायची तालीम होती ती. रोज म्हणायची आणि रोज घरी जाऊन गप्प बसायची. दुसऱ्या दिवशी परत झंकार, परत श्वास, परत तेच वाक्य, त्याच आवाजात. वेगळं कधी काही म्हणालीच नाही, कारण याहून सोपं वाक्य तिला सुचलं नव्हतं.

भिंतींना काय, तो पीसचाच भाग होता.

चढती ओळ सुरू झाली. शेरलने भराभर विचार केला. दोन्ही कोपरं पट्ट्यांवर आपटून गोंगाट करता येईल. पण भिंत ते वाक्य विसरणार नाही. उद्या म्हणेल, परवा म्हणेल, एखाद्या परक्या पालकासमोर म्हणेल. ते पुसायची एकच रीत होती आणि ती दुपारीच सगळ्यांना समजावून झाली होती. चढावर उतार, उतारावर चढ. भिंत बोलेल त्याच क्षणी स्वतः तेच बोलायचं, तसंच, हुबेहूब. मग हवा सपाट.

तिने पहिल्या रांगेकडे पाहिलं. मम्मीच्या कानामागची चकती बंद होती. भिंतीतून येणारा पियानो मम्मीपर्यंत पोहोचतच नव्हता. तिला फक्त एवढंच दिसत होतं, की तिची मुलगी हात वर धरून बसलीय, आणि ती काळजीने, सवयीने, मुलीच्या ओठांकडे बघत होती.

म्हणजे शेरल गप्प बसली, तर मम्मी सोडून सगळ्यांना कळणार होतं. आणि बोलली, तर फक्त मम्मीला.

शेवटचा झंकार पडला. तो गोल फिरत, पातळ होत, कोपऱ्यांमध्ये विरत गेला. कुणी हललं नाही. मग भिंतीने श्वास घेतला. तो तिचाच श्वास होता, शेवटी जरासा अडखळणारा. दोनशे लोकांच्या अंगावर शहारा आलेला तिला दिसला.

या एका वाक्यात शेरल आजवर कधीच चुकली नव्हती.

तिने तोंड उघडलं.

"मम्मी, मलापण कमी ऐकू यायला लागलंय."

शब्द तिच्या जबड्याच्या हाडांत थरथरले. बाहेर काहीच आलं नाही. तिच्या तोंडासमोरची हवा सपाट होती, भिंती सपाट होत्या, आणि सगळ्या सभागृहात एका मुलीचे ओठ हलून मिटले एवढंच घडलं.

मग वर नियंत्रणखोलीत नीरवजालाची कळ बंद झाली. ड्रोन छतावर कोसळल्यासारखे गरजले, लोकांना वाटलं कार्यक्रम संपला, आणि त्या गरजण्यावर मात करायला सगळे जिवाच्या आकांताने टाळ्या वाजवायला लागले. ओडेट मिस रडत होत्या, कशासाठी ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. क्रिसेल शेरलचा खांदा हलवून काहीतरी विचारत होती आणि शेरलला त्यातलं निम्मंच कळत होतं.

पहिल्या रांगेत एकच माणूस टाळ्या वाजवत नव्हता. मम्मी उभी राहिली होती. तिचा हात चकतीकडे गेला नाही. तिने शेरलच्या डोळ्यांत पाहिलं आणि आवाज न करता, एकेक अक्षर नीट दिसेल असं, ओठांनी विचारलं, "कधीपासून?"